करडांचं दूध कधी तोडावं?

करडू दोन महिन्यांचं झालंय, आता तोडू का, असं विचारलंत. घाई नको. आमच्या सड्यावरच्या शेळ्यांची पिल्लं मी तीन महिने पाजतो, आणि तरीही तारखेपेक्षा वजनाकडे बघतो. आठ किलोच्या आत असेल तर आणखी थांबतो.

खरी तयारी तिसऱ्या आठवड्यापासूनच करायची. फणसाच्या पाल्याची जुडी करडाच्या तोंडाला येईल एवढ्या उंचीवर टांगा. खाली टाकलेला पाला एकदा तुडवला की शेळीची जात त्याला तोंड लावत नाही, नखरेल! सोबत मूठभर मक्याचा भरडा, तोही आया पोचणार नाहीत अशा आडोशाला. चघळायची सवय लागली की पोट चाऱ्याला तयार होतं, मग दूध तुटल्याचा फटका बसत नाही.

तोडताना आधी फक्त रात्री वेगळं ठेवा, मग दिवसातून एकदाच पाजा, आठ-दहा दिवसांत बंद. त्या दिवसांत आईचा खुराक कमी करा, नाहीतर कास तटतटते.

पाऊस तोंडावर असेल तर आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष तयार होऊन करडं अचानक दगावतात त्या रोगाची, लस आधी उरका. पावसाळ्यात सकाळच्या ओल्या गवतावर करडं सोडू नका, जंत तिथेच लागतात.