ब्रिटिश पत्रकार अँड्र्यू नील हे फक्त टीव्हीवरचे मुलाखतकार आहेत का?
नाही, टीव्हीवर गाजण्याआधीच नील मोठे संपादक होते. ग्लासगोजवळच्या पेझ्ली गावचे नील १९८३ ते १९९४ ‘संडे टाइम्स’ या ब्रिटिश वृत्तपत्राचे संपादक होते. माझ्या मते त्यांचं सर्वांत धाडसी काम १९८६चं. इस्रायलमधल्या दिमोना अणुकेंद्रातला तंत्रज्ञ मॉर्देखाय वानुनू याने आत चोरून काढलेले फोटो त्यांनी आधी अणुशास्त्रज्ञांकडून तपासून घेतले, मगच इस्रायलच्या अण्वस्त्रांची बातमी छापली. पुढे २००४ पासून वीस वर्षं ते ‘स्पेक्टेटर’ या साप्ताहिकाचे अध्यक्ष होते. मात्र उजव्या विचारांचे म्हणून त्यांना हुजूर पक्षाच्या दावणीला बांधू नका; २०१९च्या निवडणुकीत मुलाखत टाळणाऱ्या हुजूर पक्षाच्याच बोरिस जॉन्सन यांना बीबीसीवरून थेट आव्हान देणारे हेच.