एकाच सर्व्हरवर पाच डेव्हलपर स्वतंत्रपणे कसे काम करू शकतील?

आपल्याकडे १६ जीबी मेमरीचा एकच उबुंटू सर्व्हर आहे, त्यावर पाच जणांनी एकमेकांच्या कामात अडथळा न आणता काम करायचे आहे, आणि त्यासाठी प्रत्येकाला वेगळे व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आतच चालणारा स्वतंत्र आभासी संगणक) द्यावे का, असे आपण विचारले आहे. गोव्यात पर्वरी येथील एका लहान कार्यालयात मी अशाच सर्व्हरची देखभाल करतो. माझ्या मते व्हर्च्युअल मशीनची गरज नाही. १६ जीबीचे पाच तुकडे केले की प्रत्येक तुकड्यात एक ऑपरेटिंग सिस्टिम ठाण मांडून बसते आणि कामासाठी थोडेच उरते.

प्रत्येकाला स्वतःचे लिनक्स खाते द्यावे, लॉगिन केवळ एसएसएच कीने (दुरून सुरक्षितपणे जोडण्यासाठी पासवर्डऐवजी वापरायच्या किल्ली-फाइलने) ठेवावे आणि पासवर्डने येण्याचा मार्ग बंद करावा. होम डिरेक्टरीची (प्रत्येकाच्या खासगी फोल्डरची) परवानगी ७५०, म्हणजे मालकाला पूर्ण, गटाला वाचण्यापुरती आणि इतरांना काहीच नाही, अशी असावी; उबुंटू २१.०४ पासून नव्या खात्यांना ती आपोआप मिळते, त्याआधी ७५५ असे, म्हणजे इतरांनाही वाचता येई, म्हणून जुनी खाती एकदा तपासून घ्यावीत. सामायिक प्रकल्पासाठी एक गट करून त्या फोल्डरला २७७० परवानगी (मालकाला व गटाला पूर्ण, इतरांना काहीच नाही) द्यावी. आरंभीचा २ हा सेटजीआयडी बिट असल्यामुळे तेथे तयार होणारी प्रत्येक फाइल त्याच गटाची राहते. मात्र यूमास्क (नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या हे ठरवणारा आकडा) ००२ नसून ०२२ असेल, तर गटातील इतरांना ती फाइल वाचता येते, बदलता येत नाही.

एवढ्याने फाइली वेगळ्या होतात, पण मेमरी सर्वांची एकच राहते, आणि खरी भांडणे तिच्यावरूनच होतात. एका जूनमध्ये आमच्याकडे एकाच वेळी सर्वांचे डेटाबेस तुटले. पावसाचे दिवस असल्यामुळे सगळ्यांनी आधी यूपीएसकडे पाहिले. प्रत्यक्षात एका सहकाऱ्याच्या फ्रंटएंड बिल्डने (वेबसाइटचा दर्शनी भाग तयार करणाऱ्या प्रक्रियेने) मेमरी संपवली होती आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) बिल्डला सोडून पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीची प्रक्रिया मारली होती. तेव्हापासून सिस्टमडीच्या (लिनक्समधील सेवा व प्रक्रिया सांभाळणाऱ्या प्रणालीच्या) यूजर स्लाइसमध्ये, म्हणजे एकेका वापरकर्त्याच्या प्रक्रियांच्या गटात, प्रत्येकाला अडीच जीबीची मेमरीमॅक्स (कमाल मेमरीची) मर्यादा घातली आहे. आता मर्यादा ओलांडणाऱ्याचीच प्रक्रिया मरते आणि उरलेले साडेतीन जीबी डेटाबेस व प्रणालीसाठी मोकळे राहतात.

डॉकरच्या (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या साधनाच्या) बाबतीत विशेष सावध राहावे. एखाद्याला डॉकर गटात घालणे म्हणजे त्याला रूटचे (सर्वाधिकारी खात्याचे) अधिकार देण्यासारखेच आहे. शिवाय नेहमीच्या डॉकरमधील कंटेनर वापरकर्त्याच्या स्लाइसमध्ये न चालता प्रणालीच्या स्लाइसमध्ये चालतात, त्यामुळे वरची मर्यादा त्यांना लागूच होत नाही. आम्ही त्याऐवजी रूटविना चालणारे, डॉकरसारखेच पॉडमॅन वापरतो.

पोर्टांची (प्रोग्रॅमशी जोडण्यासाठीच्या क्रमांकांची) वाटणी कागदावर करून भिंतीवर लावली तरी पुरते: पहिल्याला ४१०० ते ४१९९, दुसऱ्याला ४२०० ते ४२९९, याप्रमाणे. लोकलहोस्ट (यंत्राचा स्वतःपुरता अंतर्गत पत्ता) मात्र खासगी समजू नये. त्या यंत्रावरील कोणताही वापरकर्ता दुसऱ्याच्या पोर्टला जोडू शकतो. पोस्टग्रेसमध्येही प्रत्येकाला वेगळा रोल (डेटाबेसमधील खाते) आणि वेगळा डेटाबेस द्यावा, आणि नव्या डेटाबेसला जोडण्याची परवानगी मुळात सर्वांनाच असते, ती आठवणीने काढून घ्यावी.

चवथीला (गणेशचतुर्थीला) निम्मे सहकारी गावी जाऊन तेथूनच काम करतात. सत्तरी तालुक्यातील घरून जोडणी तासाला दोनदा तुटली, तरी टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) सुरू केलेले काम सर्व्हरवर चालूच राहते, म्हणून ते पहिल्या दिवशीच सर्वांना शिकवावे.

कोणी नोकरी सोडली, तर केवळ त्याचा पासवर्ड लॉक करून थांबू नये. एसएसएच की असलेला माणूस त्यानंतरही आत येऊ शकतो. खात्याची मुदतच संपवावी, चालू प्रक्रिया बंद कराव्यात आणि सामायिक फोल्डरमधील त्याच्या फाइली दुसऱ्याच्या नावावर कराव्यात.