मास्काची घळ, गुडघे आणि परतीची बोट

प्रश्न : मी ५६ वर्षांची आहे, सह्याद्रीत बरेच ट्रेक केलेत, सांदण दरीही झालीये. मे महिन्यात मुलाकडे स्पेनला जातोय, तिथून टेनेरिफे या स्पेनच्याच बेटावर जाऊन मास्काची घळ उतरायचा त्याचा प्लॅन आहे. माझा उजवा गुडघा अधूनमधून दुखतो. पण मुलगा म्हणतो आई, सगळी उतरणच आहे, खाली थेट समुद्र, तुला काय अवघड. जाऊ का?

ताई, मुलाचं मन मोडायचं नाहीये, पण उतरण म्हणजे सोपं हे डोक्यातून आधी काढा. मास्का गाव समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे आणि ती सगळी उंची तुम्ही जेमतेम पाच किलोमीटरमध्ये उतरता, तीही पायऱ्यांवरून नाही तर गोटे, घसारा आणि मोठाले कातळ यांच्यातून. चढताना दम लागतो, थांबलं की जातो, पण उतरताना प्रत्येक पावलाला अख्खं वजन गुडघ्यावर येतं आणि तो थकवा बसून लगेच जात नाही. मी उतरले तेव्हा पहिला तास इतका मजेत गेला की मी भराभर निघाले, आणि शेवटच्या टप्प्यात मांड्या अशा थरथरायला लागल्या की कमरेएवढ्या कातळावरून सुद्धा बसून, हात टेकून उतरावं लागलं. त्या कातळांवर हजारो लोकांनी हात टेकून टेकून ठराविक जागा गुळगुळीत झाल्यात, तिथे हात ठेवला तर धूळ असेल तर सटकतोच. बुटाची लेस सैल राहिली होती, पाय पुढे घसरत राहिला, अंगठ्याचं नख काळं पडलं ते दोन महिने तसंच. म्हणून सांगते, निघायच्या दोन दिवस आधी नखं कापा, उतरायला लागायच्या आधी लेस घोट्याशी घट्ट बांधा, आणि काठी घेणार असाल तर दुमडणारी घ्या, कारण अरुंद जागी दोन्ही हात मोकळे लागतात. गुडघ्याचं डॉक्टरांना विचारा आणि त्याआधी इथेच एखादी तीन तासांची सलग उतरण करून बघा, दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर उत्तर मिळालंच.

आता खरा मुद्दा. खाली पोचल्यावर परत कसं यायचं हे घरातून निघतानाच ठरलेलं पाहिजे. खाली रस्ता नाहीये. एकतर बोटीने लोस गिगांतेस गावाला जायचं, नाहीतर आलात त्याच वाटेने वर. उतरायला तीनेक तास धरा, चढायला त्याहून जास्त. आणि बोट समुद्राच्या मर्जीवर आहे हो, लाटा उसळल्या की धक्क्याला लागतच नाही. २०१८ मध्ये वाट बंद केली, २०२१ मध्ये परत उघडली तेव्हा सुरुवातीला बोट नव्हतीच, सगळ्यांना चढूनच यावं लागायचं. म्हणून ऑनलाइन बुकिंग करताना (ते सक्तीचं आहे, रोज ठराविक लोकांनाच सोडतात) त्या दिवशी बोट आहे का ते बघा, आणि बोट रद्द झाली तर मी चढून येऊ शकते का हा प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर नाही असेल तर अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन मागे फिरा, त्यात काहीही कमीपणा नाही. हेल्मेट घालावंच लागतं, ते तिथे देतात, आणि चप्पल-सँडल असेल तर गेटवरूनच परत पाठवतात. दरड सुटते तिथे, त्यामुळे हेल्मेट गरम होतं म्हणून काढू नका.

प्रश्न : ही घळ लाव्हा वाहून तयार झाली का?

नाही, लाव्हाने डोंगर रचला आणि पाण्याने तो कापला. ही घळ ज्या डोंगररांगेत आहे तो तेनो हा बेटाचा जुना भाग, साधारण ५० ते ६० लाख वर्षांचा, आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा दगड) साडेसहा कोटींच्या आसपासचा, म्हणजे त्यामानाने तेनो पोरच. पण भिंतींकडे बघितलं की ओळखीचं वाटतं, लाव्हाचे एकावर एक थर आणि मध्येच विटेसारखा तांबडा पट्टा, जुन्या मातीवर नवा लाव्हा आला की ती भाजून तशी होते, आपल्या घाटातही दिसतो. आणि थर आडवे असताना मध्येच उभी भिंत चिरत गेलेली दिसेल तर तो डाइक, भेगेत मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, शिरून तिथेच थिजलेला. भोवतीचा दगड झिजला तरी तो बऱ्याचदा तसाच उभा राहतो. मी एका डाइकला हात लावून कितीतरी वेळ उभी होते, मागच्या लोकांना खोळंबा झाला असेल, पण राहवेना.

प्रश्न : ६ वर्षांची मुलगी सोबत आहे, नेऊ का?

८ वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तुम्ही मास्का गावातून घळीचं वरचं तोंड बघा, ताडांमध्ये वसलेलं गाव तिला आवडेल, आणि मग लोस गिगांतेसहून बोटीने निघून खालचं तोंड समुद्रातून बघा. त्या पाण्यात पायलट व्हेल वर्षभर असतात, दिसल्या तर तिला घळीची आठवणसुद्धा येणार नाही.