स्विफ्ट करंटचा संघ: तुझ्या मसुद्याविषयी

सप्रेम आशीर्वाद.

स्विफ्ट करंट ब्रॉन्कोजवरचा तुझा लेख वाचला. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातलं पंधरा-सोळा हजार वस्तीचं गाव, १९६७ मध्ये तिथं उभा राहिलेला ज्युनियर आइस हॉकीचा संघ, पुढे मोठा खेळाडू झालेल्या ब्रायन ट्रॉटियरचे सुरुवातीचे दिवस, १९७४ मध्ये संघाचं लेथब्रिजला जाणं आणि १९८६ मध्ये गावानं तो परत आणणं, हे सगळं चोख उतरलंय. त्याला हात लावू नकोस.

माझी हरकत पुढच्या मांडणीला आहे. बसचा अपघात एकीकडे, अजिंक्यपद दुसरीकडे आणि प्रशिक्षकाचा गुन्हा शेवटी चौकटीत. ती चौकट काढ. ही एकच गोष्ट आहे, आणि तिचा धागा लेखात आलेलाच नाही: ही पोरं राहायची कुठं, आणि कोणाच्या भरवशावर?

ज्युनियर हॉकीतली मुलं साधारण सोळा ते वीस वर्षांची. लांबलांबच्या गावांतून येतात आणि संघाच्या गावात कुणाच्या तरी घरी, त्या कुटुंबातलीच होऊन राहतात. हिवाळाभर सामन्यांसाठी बसचा प्रवास. कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, कोणाचं नाव एनएचएलच्या, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक हॉकी लीगच्या, निवडकर्त्यांच्या कानावर घालायचं, हे प्रशिक्षकाच्या हातात. आईवडील शेकडो किलोमीटर दूर. आपल्या वाचकाला हे ठाऊक नसतं. ते समजावण्यात दोन परिच्छेद गेले तरी चालतील, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलंय.

३० डिसेंबर १९८६. रिजायनाला सामन्यासाठी निघालेली बस गावाबाहेर पडते न पडते तोच बर्फाळ रस्त्यावरून घसरली. मागच्या बाजूला पत्ते खेळत बसलेली चार मुलं गेली: ट्रेंट क्रेस, स्कॉट क्रूगर, ख्रिस मँटिका आणि ब्रेंट रफ. रफ तर अवघा सोळा वर्षांचा. तू या चौघांना एक ओळ दिलीस आणि त्याच बसमधल्या जो सॅकिकला, तो पुढे मोठा हॉकीपटू झाला म्हणून, अख्खा परिच्छेद. हे उलट कर. चौघांच्या आठवणीतलं चार पानांच्या क्लोव्हरचं चिन्ह आणि त्यांच्या नावानं वेस्टर्न हॉकी लीगच्या, म्हणजे हा संघ खेळतो त्या लीगच्या, सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा करंडक, हेही त्यांच्याच परिच्छेदात यायला हवं.

अपघातानंतर मुलांना कोणी सावरलं, हा प्रश्न तुला पडायला हवा होता. त्यातल्याच काही खेळाडूंनी पुढे सांगितलं, की प्रशिक्षक ग्रॅहम जेम्सनं बाहेरचे समुपदेशक संघाजवळ येऊच दिले नाहीत. दुःख त्यांचं त्यांनी गिळायचं, आणि तेही त्याच माणसाच्या देखरेखीखाली.

१९८९ चा भाग मात्र मोकळ्या मनानं, आनंदानं लिही. प्लेऑफमधले, म्हणजे लीगच्या बाद फेऱ्यांतले, बाराच्या बारा सामने जिंकून हा संघ सास्काटूनला गेला आणि यजमान ब्लेड्सला त्यांच्याच गावात, जादा वेळेत टिम टिस्डेलच्या गोलवर ४-३ असं हरवून कॅनडाच्या ज्युनियर हॉकीचं अजिंक्यपद, मेमोरियल कप, घेऊन आला. अपघातात गेलेल्या स्कॉट क्रूगरचे भाऊ डॅरेन आणि ट्रेव्हर त्या संघात होते. हे यश मुलांचं आहे. प्रशिक्षकाच्या पापाचा डाग त्यांच्या कपाला लावायचा आपल्याला अधिकार नाही.

पण त्याच वर्षी ‘द हॉकी न्यूज’ या नियतकालिकानं जेम्सला वर्षाचा मानकरी ठरवलं होतं. हे वाक्य तुझ्या लेखात नाही. ते हवंच.

१९९६ मध्ये या संघाचा माजी खेळाडू शेल्डन केनेडी जेम्सविरुद्ध तक्रार घेऊन पोलिसांकडे गेला. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सनं लैंगिक अत्याचाराचा गुन्हा कबूल केला. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. पुढे आणखी खेळाडू बोलले, आणखी शिक्षा झाल्या. केनेडी त्या बसमध्ये होता आणि १९८९ च्या संघातही होता. वाचकाला या सगळ्यातून नेणारा माणूस तुझ्यासमोरच आहे, त्याचं बोट धर. अत्याचाराचं वर्णन अजिबात नको. १९९८ मध्ये तो चाकांच्या स्केट्सवरून कॅनडा पार करत गेला, २००४ मध्ये प्रशिक्षकांना आणि पालकांना जागरूक करणारी संस्था त्यानं एका सहकाऱ्यासोबत काढली, त्यावर लिही.

‘अख्खं गाव डोळे मिटून होतं’ हे तुझं वाक्य खोड. कोणाला काय माहीत होतं याचा पुरावा असेल तर त्या व्यक्तीपुरतं लिही. गावाला आरोपी करू नकोस. संघ आजही गावकऱ्यांच्याच मालकीचा आहे, अपघातात गेलेल्या मुलांना घरात जागा देणारीही तीच माणसं होती.

आणि ‘गावानं दुःखावर मात केली’ हा शेवटचा परिच्छेद पूर्ण उडव. त्याजागी हम्बोल्ट घे. ६ एप्रिल २०१८ रोजी त्याच प्रांतातल्या या दुसऱ्या ज्युनियर संघाच्या बसला अपघात झाला, सोळा जण गेले. केनेडी आणि १९८६ च्या बसमधले त्याचे काही सोबती तिथं पोचले. स्वतःला जे मिळालं नव्हतं ते त्यांनी तिथल्या लोकांना द्यायचा प्रयत्न केला. लेख इथं थांबव.

कपाच्या फोटोखाली नुसतं ‘विजेता संघ’ लिहू नकोस, फोटोओळीत क्रूगर भावांची नावं घाल. नवा मसुदा झाला की डेस्कवर देण्याआधी मला पाठव.