अंधारी आली की भाकरी नंतर, आधी शुगर बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की बारा दिवस झाले, चपाती-भाकरी-भात सगळं बंद आहे. जेवणानंतरची शुगर २३० वरून १५० वर आली, पण दुपारी द्राक्षबागेत उभं राहिलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, आणि उपाशीपोटीची १४० च्या खाली येतच नाही. मग हा आहार सोडून देऊ का? माझं मत, सोडू नका. पण ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असल्याचं तुम्ही अगदी शेवटी लिहिलंय, आणि मला काळजी त्याचीच वाटतेय.

ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटात भाकरी असो-नसो, ती आपलं काम करतेच, आणि भाकरी नसली की शुगर फार खाली जाऊ शकते. माझ्याबाबतीत हेच झालं होतं. सांगलीतल्या घरी सकाळी साडेअकराला गवार मोडत बसले होते. शेंगेचं टोक चिमटीत धरवेना, बोटं थरथरायला लागली, मानेवर गार घाम. सासूबाई म्हणाल्या, पोटात अन्न नाही, भाकरी खा. मी आधी शुगर मोजायचं मशीन लावलं. ६१! तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी ८९. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी गोळी निम्मी केली. तुम्हीही आजच फोन करा. मनानं गोळी बंद करू नका. बागेत जाताना खिशात मशीन आणि साखरेची पुडी ठेवा. आकडा ७० च्या खाली आला तर साखरच घ्या. भाकरीची साखर रक्तात उतरायला वेळ लागतो.

आकडा ११०-१२० असूनही गरगरत असेल तर कारण बहुतेक मीठ-पाणी. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्याच्या एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. धान्य बंद झालं की साठा उतरतो आणि ते पाणी लघवीवाटे जातं. इन्सुलिन कमी झाल्यानं मीठही जातं. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरतं ते याच पाण्याचं. त्यात तुम्ही उन्हात घाम गाळताय. मला मीठ घातलेल्या ताकानं दोन दिवसांत फरक पडला. बीपीची किंवा लघवीची गोळी असेल, किडनीचा त्रास असेल, तर मीठ वाढवायच्या आधी विचारा.

उपाशीपोटीच्या आकड्यानं खचू नका. पहाटे यकृत स्वतःच साखर सोडतं, रात्री काही खाल्लं नाही तरी. माझाही हाच आकडा सगळ्यात शेवटी उतरला. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, तीन महिन्यांनी बघा, बारा दिवसांत त्यातून काही कळणार नाही.

आणि सगळंच बंद कशाला? ज्वारी औषधी म्हणून तीन-तीन भाकऱ्या खाणारे आपल्याकडं खूप आहेत, पण त्या पिठातही जवळपास दोन तृतीयांश कर्बोदकंच असतात. मी दुपारी अर्धी भाकरी घेते, सोबत वाटीभर अख्खा मसूर, मेथी, दही, कधी दोन अंडी. जेवल्यावर पंधरा मिनिटं चालते. संध्याकाळचं भडंग सोडणं मात्र मला भाकरीपेक्षा जड गेलं. चुरमुरे म्हणजे तांदूळच, शुगर झपकन चढते. अंगात नेहमीची ताकद यायला मला तीन आठवडे लागले.

आता अंधारी येईल तेव्हाचा आकडा, वेळ आणि त्याआधी काय खाल्लं होतं तेवढं लिहून ठेवा. डॉक्टरांना गोळी ठरवायला तेच लागेल.