गाभण शेळीला कडुलिंबाच्या पाल्याचा रस पाजावा का?

भूम तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलंय की त्यांच्याकडं आठ उस्मानाबादी शेळ्या आहेत, त्यातल्या तीन गाभण, आन मोबाईलवर वाचलं की कडुलिंबाच्या पाल्याच्या अर्काने जनावराच्या रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल उतरतं, रक्त साफ होतं, तर रोज किती पाजायचा?

ताई, गाभण शेळ्यांना थेंबभरसुद्धा पाजू नका. आधी हे बंद करा, कारण मग वाचा.

तुम्ही जे वाचलंय ते बहुतेक उंदरांवरचं असतं. आधी औषध टोचून उंदराला डायबेटिस करतात, मग काही आठवडे पाल्याचा अर्क पाजतात न् रक्त तपासतात, साखर उतरली का, लिव्हरचे एन्झाईम वाढले का, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन किती आलं. ते प्रयोग खरे आहेत पण शेळीचं पोट तसं चालत नाही. शेळीच्या पोटात चारा आंबतो, त्यातून प्रोपिऑनिक ॲसिड निघतं आन त्यापासून लिव्हर साखर बनवतं, म्हणून तिची साखर मुळातच कमी, 100 मिली रक्तात साधारण 50 ते 75 मिलिग्रॅम. त्यात उस्मानाबादीला जुळी करडं नेहमीचीच. शेवटच्या महिना-दीड महिन्यात करडं साखर ओढतात, पोटात जागा नसल्याने चारा कमी जातो, मग अंगातली चरबी वितळून रक्तात कीटोन नावाचे पदार्थ वाढतात न् शेळी आजारी पडते. शेळी कळपातून बाजूला उभी राहते, खुराकाला तोंड लावत नाही, दात खाते, तोंडाला गोडसर वास येतो, आन एकदा बसली की उठवणं अवघड. अशा शेळीची साखर आपण अजून उतरवायची का? शिवाय कडुलिंबाच्या अर्काने गर्भाला धोका होतो हेही उंदरांवरच्याच प्रयोगांत दिसलंय.

चरताना चार फांद्या ओरबाडल्या तर घाबरू नका, शेळी तो पाला आवडीनं खाते. वाटून गाळलेला रस वेगळा, आन मान वर धरून बाटलीने ओतला की ठसका लागून फुफ्फुसात जातो, त्यातून न्यूमोनिया होतो.

आता रक्त खराब झालं असं का वाटलं ते बघा. शेळीची खालची पापणी उलटवा, आतून लालबुंद असेल तर ठीक, फिकट पांढरट दिसली न् जबड्याखाली पाणी धरल्यासारखी सूज असली तर बहुतेक पोटातले जंत रक्त पितायत. लेंड्या तपासून घ्या, जंताचं औषध डॉक्टरांना विचारूनच द्या, गाभण आहे हे सांगायला विसरू नका. डोळे पिवळे दिसले तर मात्र बांधावरची घाणेरी खाल्ली का ते बघा, तिच्या पाल्याने लिव्हर बिघडतं, रक्तात बिलिरुबिन (कावीळ करणारा पिवळा पदार्थ) वाढतं, मग नाकाची कातडी उन्हात सोलते. अशा शेळीला लगेच सावलीत बांधा.

तिन्ही गाभण शेळ्यांना आजपासून मक्याचा भरडा न् पेंड मिळून प्रत्येकी रोज पाव किलो, दोन वेळा विभागून, हळूहळू वाढवत चालू करा. एकीनंही खुराक सोडला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, 1962 या जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या मदत नंबरला फोन लावा.