हातची चव, लेखी व्यवहार

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

घरच्या खाद्यपदार्थांच्या व्यवसायात उतरण्याचा तुझा विचार पक्का होत आला आहे. नवे यंत्र घ्यावे का, दुसरीकडे विक्री सुरू करावी का, वेष्टन बदलावे का, असे अनेक प्रश्न तू विचारले आहेस. त्यांतला वेष्टनाचा प्रश्न मी बाजूलाच ठेवते. तो सोडवायला एक चांगला कलाकार आणि थोडा पैसा पुरतो. तुझ्या पिढीचे पहिले काम मला वेगळे दिसते. वडीलधाऱ्यांच्या हातात आणि डोक्यात जे साठलेले आहे, ते त्यांचा मान न दुखावता कागदावर आणायचे आहे. त्यात पाककृती आली, पुरवठादाराला दिलेला तोंडी शब्द आला, आणि कोणाचा वाटा किती याविषयी घरात सर्वांनी गृहीत धरलेली पण कोणीच कधी उघड न बोललेली समजूतही आली.

पाककृतीपासून सुरुवात कर. जी व्यक्ती वर्षानुवर्षे अंदाजाने पदार्थ करत आली आहे, तिला प्रमाण विचारले तर ती जे सांगेल आणि प्रत्यक्ष जे करेल त्यांत बराच फरक असतो. यात लपवाछपवी नसते, हात जे करतो ते तोंडाला नेमके सांगता येत नाही इतकेच. म्हणून विचारण्यापेक्षा तोलावे. प्रत्येक घटकाचे भांडे आधी तोलून ठेव, त्यांना नेहमीप्रमाणे मुठीने किंवा चमच्याने घेऊ दे, आणि काम संपल्यावर उरलेले पुन्हा तोल. असे बरेच दिवस केलेस की एक ठाम आकडा हाती येणार नाही, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा एक पट्टा येईल. तो पट्टा फार मोलाचा असतो, कारण कच्चा माल ओलसर असेल, जुना असेल किंवा नव्या हंगामाचा असेल, त्याप्रमाणे अनुभवी हात प्रमाण बदलत असतो. आकड्याशेजारी मालाची स्थितीही लिहून ठेव. पुढे मुख्य घटक १०० धरून बाकीचे सारे त्याच्या टक्केवारीत मांडले की कोणत्याही आकाराच्या घाण्याचा हिशेब करता येतो.

मात्र प्रमाण दहापट केले म्हणजे पदार्थ दहापट झाला असे होत नाही. एकाच घडणीचे भांडे दहापट आकारमानाचे केले तर त्याचा पृष्ठभाग जेमतेम साडेचारपट वाढतो. त्यामुळे वाफ तुलनेने कमी जाते, मिश्रण पातळ राहते, मध्यभाग उशिरा तापतो आणि त्याहून उशिरा थंड होतो. चव बिघडल्याचे निदान कोणाला तरी कळते. थंड होण्यास लागलेला जादा वेळ कोणाच्याच लक्षात येत नाही, आणि खरा धोका तिथेच असतो. काही जिवाणूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत आणि मोठ्या भांड्यातले अन्न सावकाश निवताना ते पुन्हा वाढीस लागतात. अमेरिकेच्या फूड कोड या अन्नसुरक्षेच्या नियमावलीतील मर्यादा मी सर्वांना सांगते: शिजवलेले अन्न ५७ अंश सेल्सिअसवरून २ तासांत २१ अंशांपर्यंत आणि एकूण ६ तासांत ५ अंशांपर्यंत खाली आले पाहिजे. त्यासाठी मोठे पातेले उथळ पात्रांत विभागावे लागते, म्हणजे जागा लागते, म्हणजे भाडे वाढते. विस्ताराचे अंदाजपत्रक करताना हा खर्च बहुतेक वेळा सुटतो. हवाबंद पदार्थ विकायचा असेल तर त्याची आम्लता प्रयोगशाळेतून मोजून घे, सामू (पीएच, हा आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू वाढू शकत नाही, आणि त्याच्या वर असेल तर घरगुती उकळण्यावर विसंबून राहणे घातक आहे. ‘इतकी वर्षे कोणाला काही झाले नाही’ हा युक्तिवाद तुला ऐकावा लागेल. पदार्थ सकाळी करून संध्याकाळी संपत होता, तोवर तो खराही होता.

१९६०च्या दशकात अंतराळवीरांसाठी अन्न तयार करताना पिल्सबरी या खाद्यकंपनीला आणि नासाला अन्न सुरक्षित असल्याची खात्री कशी करायची, हीच अडचण आली होती. तयार मालातून नमुने काढून तपासत बसले तर खात्री पटेपर्यंत बहुतेक माल तपासणीतच संपतो. म्हणून त्यांनी तपासणी शेवटाकडून प्रक्रियेकडे आणली: धोका कोणत्या टप्प्यावर आहे ते ओळखायचे, तिथे मर्यादा ठरवायची, ती मोजायची आणि नोंदवायची. हीच पद्धत आज ‘हॅसॅप’ या नावाने जगभर वापरली जाते आणि १९९३ साली आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. लहान व्यवसायाला त्यासाठी जाडजूड फायली लागत नाहीत. एक तापमापक, एक घड्याळ आणि रोज खरोखर भरली जाणारी एक वही एवढ्यावर तिची सुरुवात होते. आठवडाभराच्या नोंदी शनिवारी एका बैठकीत लिहिलेल्या असतील तर त्या अक्षरावरून ओळखू येतात, हेही जाता जाता सांगून ठेवते.

आता पैशाकडे वळू. कुटुंबाच्या खाद्यव्यवसायात नफा दिसतो त्याचे एक मोठे कारण असे, की घरच्यांच्या श्रमाची किंमत कोणी धरलेलीच नसते. उत्पादनखर्च काढताना घरातील प्रत्येक माणसाच्या जागी बाहेरचा माणूस ठेवला तर जो पगार द्यावा लागेल, तो खर्चात धर. मग उरते ते खरे. त्यात परत आलेला, मुदत संपलेला आणि चाखण्यासाठी वाटलेला मालही धर. टक्केवारीचाही एक सापळा आहे. १०० ला पडलेली वस्तू १२५ ला विकली की आपण २५ टक्के सुटले असे म्हणतो. पण दुकानदाराने विक्रीच्या किमतीवर २० टक्के सूट मागितली आणि ‘तरीही ५ उरतील’ म्हणून ती दिली, तर हातात शून्य राहते, कारण १२५ चे २० टक्के म्हणजेच २५.

विक्री वाढली की रोकड वाढेल असेही धरून चालू नकोस. कच्चा माल रोखीने घ्यावा लागतो, मोठा ग्राहक पैसे महिन्या-दोन महिन्यांनी देतो, आणि मधली खिंड आपल्या भांडवलाने लढवावी लागते. केचपमुळे ज्यांचे नाव आज ओळखले जाते त्या हेन्री हाइन्झ यांनी १८६९ साली पेनसिल्व्हेनियात धंदा सुरू केला. १८७५ साली ते दिवाळखोर झाले, आणि तेही मालाला मागणी नव्हती म्हणून नव्हे. शेतकऱ्यांचे सगळे पीक ठरलेल्या भावाने घेण्याचा करार त्यांनी केला होता, त्या वर्षी पीक उदंड आले आणि मंदीच्या काळात त्याचे पैसे चुकवण्याइतकी रोकड त्यांच्याकडे नव्हती. पुढच्याच वर्षी भाऊ आणि चुलतभाऊ यांच्या नावाने धंदा पुन्हा उभा राहिला, आणि १८८८ साली तो हेन्री यांच्या नावावर आला. घरचे लोक पाठीशी असणे किती मोठे बळ आहे ते यातून दिसते. दिलेला शब्द कोणत्या मर्यादेपर्यंत पाळायचा हे कागदावर नसले की काय होते, तेही दिसते.

घरातील नात्यांचा विषय मी मुद्दामच उशिरा काढला, कारण त्यावर सर्वांत जास्त बोलायचे आहे. हार्वर्डमध्ये रेनॅटो टॅग्युरी आणि जॉन डेव्हिस यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस कौटुंबिक व्यवसाय समजून घेण्यासाठी एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे मांडली: कुटुंब, मालकी आणि व्यवसाय. तुमच्या घरातील प्रत्येकाचे नाव त्या आकृतीत लिहून पाहा. एखादी काकू दिवसभर राबते पण मालकीत नाही. एखादा काका मालक आहे पण वर्षानुवर्षे तिकडे फिरकलेला नाही. तू कुटुंबात आहेस, उद्या कामातही असणार आहेस, आणि मालकीचे अद्याप काहीच ठरलेले नाही. घरातली बहुतेक भांडणे स्वभावामुळे होतात असे आपण समजतो, पण निम्म्याहून अधिक वेळा दोन माणसे दोन वेगळ्या वर्तुळांतून बोलत असतात. कामाचा मोबदला म्हणजे पगार, मालकीचा मोबदला म्हणजे नफ्यातील वाटा, आणि कुटुंबातील माणसाच्या अडीनडीला केलेली मदत ही तिसरीच गोष्ट. तिन्ही एकाच गल्ल्यातून, एकाच हाताने आणि बिननोंदीने जात राहिल्या की प्रत्येकाला आपल्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते, आणि तो झाला की नाही हे कोणालाच सिद्ध करता येत नाही.

कॉर्नफ्लेक्सवाले विल केलॉग यांनी थोरल्या भावाच्या आरोग्यधामात सुमारे २५ वर्षे तुटपुंज्या पगारावर काम केले आणि १९०६ साली स्वतःची कंपनी काढली. मग घराण्याचे नाव कोणी वापरायचे यावरून दोघे भाऊ कोर्टात गेले आणि निकाल लागायला १९२० साल उजाडले. याउलट जपानमधील नोदा येथील सोया सॉस बनवणारी घराणी १९१७ साली एकत्र आली आणि त्यांतून आजची किक्कोमान कंपनी घडली. तिथे प्रत्येक घराण्यातून एका पिढीत एकाच व्यक्तीने कंपनीत यायचे असा दंडक राहिला आहे, आणि आलेल्यालाही वरच्या पदाची हमी नसते. हा नियम तुम्हाला जसाच्या तसा लागू पडेल असे नाही. मला तो थोडा कठोरही वाटतो. पण तो कोणाच्या आवडीनिवडीवर ठरलेला नाही आणि मूल जन्माला येण्यापूर्वीपासून सर्वांना ठाऊक आहे, हे त्याचे बळ आहे. भांडण पेटल्यावर केलेला नियम कोणाच्या तरी विरुद्धच असतो.

तुझ्या बाबतीत मी एवढे सुचवेन की आधी दोन-तीन वर्षे दुसऱ्या कोणाच्या तरी कारखान्यात काम कर, शक्यतो उत्पादनात किंवा खरेदीत. तिथे चूक झाली की ती चूक म्हणून सांगितली जाते. घरी तीच पोटात घातली जाते किंवा आयुष्यभर ऐकवली जाते. घरी परतताना पद, पगार, कोणाच्या हाताखाली काम करायचे आणि किती रकमेपर्यंतचा निर्णय तू एकट्याने घ्यायचा, हे एका पानावर लिहून सर्वांच्या सह्या घे. त्याच पानावर वडीलधाऱ्यांच्या निवृत्तीनंतरच्या उत्पन्नाची सोयही लिहिलेली असावी. ज्यांचा घरखर्च उद्याही रोजच्या गल्ल्यावरच चालणार आहे, ते गल्ल्याची किल्ली सोडणार नाहीत, आणि त्यांनी सोडावी अशी अपेक्षा करण्याचा अधिकारही आपल्याला नाही. हा मसुदा तयार झाला की मला पाठव. आकडे झाकून पाठवलेस तरी चालेल.

कळावे.

तुझी शुभचिंतक